जीटी मारलेला पॅराबोला

जीटी म्हणजे काय, हे हॉस्टेलवरच्या मंडळींना सांगायची गरज नाही. पण हा अंक स्टाफरूममध्येही जातो आणि तिथे एखादे सर किंवा मॅडम अजून भोळे असतील, म्हणून थोडक्यात सांगते. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या, त्यांवर काच आडवी टाकायची, काचेखाली टेबल लॅम्प. काचेवर सीनिअरची चेक झालेली ड्रॉइंग शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट. खालची रेघ वर उजळून दिसते, तिच्यावरून आपण पेन्सिल फिरवायची. रात्री अकराला बसलं की दोनपर्यंत शीट तयार. ड्राफ्टर लागत नाही, डोकं तर अजिबातच लागत नाही.

माझी फर्स्ट इयरची 'इंजिनीअरिंग कर्व्हज' ही शीट अशीच जन्माला आली. तिच्यावर तीन पॅराबोला होते. एक फोकस-डायरेक्ट्रिक्स मेथडने काढलेला, एक रेक्टँगल मेथडने आणि एक टँजंट मेथडने. म्हणजे मूळ शीट जिने काढली तिने तसे काढले असावेत. (तीसुद्धा जीटीच असेल तर मात्र आमच्या कॉलेजातला मूळ पॅराबोला कोणी काढला, हा संशोधनाचा विषय आहे.) माझी मेथड एकच, लॅम्प मेथड. शीटवर माझं असं फक्त टायटल ब्लॉकमधलं नाव आणि रोल नंबर. मला दहापैकी आठ मिळाले. आता थर्ड इयरला आल्यावर कबुली द्यायला हरकत नाही. दिलेले मार्क परत घेता येत नाहीत, अशी चौकशी मी करून ठेवली आहे.

पण मला आज नुसती कबुली द्यायची नाही. माझं एक म्हणणं आहे. आपण फक्त शीट जीटी मारत नाही, अख्खा पॅराबोलाच जीटी मारून शिकतो. आणि ही लॅम्प मेथड हॉस्टेलवर सुरू झालेली नाही, ती त्याच्या खूप आधी सुरू होते.

आठवून बघा. अकरावी-बारावीत पॅराबोला भेटला तो एका तक्त्यात. वाय स्क्वेअर इज इक्वल टू फोर ए एक्स. उजवीकडे उघडणारा, डावीकडे उघडणारा, वर आणि खाली. प्रत्येकाचा व्हर्टेक्स, फोकस, डायरेक्ट्रिक्स, लॅटस रेक्टम. क्लासमध्ये तो तक्ता तालासुरात पाठ करून घेतला. टँजंटची कंडिशन, सी इज इक्वल टू ए बाय एम, मला आजही झोपेतून उठवून विचारा. फिजिक्समध्ये चेंडू फेकला की त्याचा मार्ग पॅराबोला. ड्रॉइंग हॉलमध्ये तीन मेथडचे तीन पॅराबोला. मेकॅनिकल-सिव्हिलच्या मैत्रिणी बेंडिंग मोमेंट डायग्राममध्ये काढतात तो पॅराबोला. आम्हा ईअँडटीसीवाल्यांचा अँटेनाचा पॅराबोला. आणि एम-टूमध्ये तर चॅप्टरचं नावच 'कर्व्ह ट्रेसिंग' आहे, आता बोला!

हे सगळे एकच आहेत, हे मला कुणी सांगितलं नाही असं नाही. नाव एकच आहे, तेवढं मलाही कळत होतं. पण एका विषयातला पॅराबोला दुसऱ्या विषयातल्या पॅराबोलाला कधी भेटला नाही. एकाच वाड्यात राहणाऱ्या पण एकमेकांशी न बोलणाऱ्या भाडेकरूंसारखे ते माझ्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहत होते.

याच सेमिस्टरमधली गोष्ट. रात्री साडेदहाला दारावर टकटक. फर्स्ट इयरची ज्युनिअर. (नाव छापायचं नाही असं तिने बजावलं आहे.) "ताई, तुझी कर्व्हजची शीट आहे का?" आमच्याकडे शीट देणं म्हणजे हळदीकुंकवाच्या वाणासारखं असतं, नाही म्हणायची पद्धत नाही. मी शीट काढली, वर लॅम्पही दिला. ती शीट हातात धरून तिथेच उभी राहिली. मग तिने टँजंट मेथडच्या आकृतीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ताई, यात सगळ्या रेषा तर सरळ आहेत. मग ही वळणदार रेघ कुठून आली?"

टँजंट मेथड तुम्हाला आठवत असेल. त्रिकोणाच्या दोन बाजूंचे सारखे भाग करायचे, एका बाजूला वरून खाली नंबर द्यायचे, दुसरीला खालून वर, आणि सारखे नंबर पट्टीने जोडायचे. एकही वाकडी रेघ नाही, तरी आतून एक वक्र डोकावायला लागतो.

मी म्हटलं, "तसं येतं."

'तसं येतं' हे इंजिनीअरिंगमधलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं प्रमेय आहे. व्हायव्हाला चालतं, प्रॅक्टिकलला चालतं, ज्युनिअरपुढे तर नक्कीच चालतं. पण ही हलेना. मग मी माझं ज्ञान काढलं. वाय इज इक्वल टू एमएक्स प्लस ए बाय एम लिहिलं, वायची किंमत घातली, क्वाड्रॅटिक आलं, डिस्क्रिमिनंट शून्य दाखवला. अर्धं पान भरलं. उत्तर बरोबर आलं. ती सगळं नीट बघत होती. शेवटी म्हणाली, "हो ताई, पण का?"

खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा राग आला. कारण उत्तर माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे फक्त रीत होती.

ही मुलगी तालुक्याच्या गावातल्या मराठी शाळेतून आलेली. वर्गात मागच्या बाकावर बसते. "मला काहीच कळत नाही, मी इथे यायलाच नको होतं," असं मेसमध्ये दोनदा बोलून झालेलं. तिने मला विचारलं, पॅराबोलाची व्याख्या काय? मी सांगितली, एक बिंदू आणि एक रेषा, दोघांपासून सारख्या अंतरावर असलेल्या सगळ्या बिंदूंचा मिळून पॅराबोला. ती म्हणाली, "सारखं अंतर म्हणजे लंबदुभाजक." आणि तिने माझ्या टेबलावरचा रफ कागद घेऊन दुमडायला सुरुवात केली. त्यांच्या शाळेत लंबदुभाजक कागद दुमडून शिकवला होता म्हणे. मी कॉन्व्हेंटमधली, लंबदुभाजक हा शब्द ऐकून मला आधी भाषांतर करावं लागलं. पर्पेंडिक्युलर बायसेक्टर! तो तर मलाही येत होता. फक्त तो इथे उपयोगी पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

आता तुम्हीही एक कागद घ्या. मेसच्या जुन्या नोटिशीचा चालेल, नाहीतरी त्या कोणी वाचत नाही. खालची कड ही आपली डायरेक्ट्रिक्स. कडेपासून दोन-तीन इंच वर, मधोमध एक ठिपका द्या. हा फोकस, त्याला 'स' म्हणू. आता खालच्या कडेवरचा कुठलाही एक बिंदू 'म' धरा, कड उचलून तो 'म' बरोबर 'स' वर आणा आणि घडी दाबा. कागद उघडा. पुन्हा कडेवरचा दुसरा बिंदू, पुन्हा घडी. वीस-पंचवीस घड्या घाला. कागद उजेडात धरा. ठिपक्याभोवती घड्यांमधून पॅराबोला वर आलेला दिसेल. तुम्ही तो काढलेला नाही. घड्यांनी जी जागा मोकळी सोडली, तिची ती हद्द आहे.

आता 'का'. 'म' आणून 'स' वर ठेवला, म्हणजे घडी ही 'म-स' या रेषाखंडाचा लंबदुभाजक झाली. शाळेतलं प्रमेय सांगतं की लंबदुभाजकावरचा प्रत्येक बिंदू दोन्ही टोकांपासून सारखाच लांब असतो. आता 'म' पासून कडेला सरळ वर लंब काढा, तो घडीला जिथे भेटतो तो बिंदू 'प'. 'प' घडीवर आहे, म्हणून 'प-स' आणि 'प-म' सारखे. आणि 'प-म' हे कडेपासूनचं सरळ अंतर आहे. म्हणजे 'प' फोकसपासून आणि कडेपासून सारखाच लांब, म्हणजेच तो पॅराबोलावर आहे. घडीवरचा दुसरा कुठलाही बिंदू घ्या. तोही 'स' आणि 'म' पासून सारखाच लांब आहे, पण त्याच्यापासून 'म' पर्यंतची वाट तिरकी आहे. कडेपर्यंतची सरळ वाट त्याहून छोटी. म्हणून तो कडेच्या जास्त जवळ, म्हणजे पॅराबोलाच्या बाहेर. याचा अर्थ अख्खी घडी पॅराबोलाला फक्त 'प' पाशी टेकते, बाकी सगळी बाहेर राहते. घडी म्हणजेच टँजंट!

ना स्लोप, ना डिस्क्रिमिनंट, ना डिफरन्सिएशन. नववी-दहावीची भूमिती आणि एक नोटीस.

आणि खरी गंमत याच्या पुढे आहे. घडीने 'स-प-म' हा कोन बरोबर निम्मा केला आहे, कारण घडी घातली की एक बाजू दुसरीवर बसते. आता वरून एक किरण अक्षाला समांतर, सरळ खाली 'प' वर येतो असं समजा. त्याने घडीशी केलेला कोन आणि पलीकडे 'प-म' ने घडीशी केलेला कोन हे विरुद्ध कोन, म्हणून सारखे. तोच कोन 'प-स' नेही केलेला आहे. आरशाचा नियम काय? जितक्या कोनात आला तितक्या कोनात गेला. म्हणजे किरण 'प' वर आपटून थेट 'स' कडे जाणार. 'प' कुठलाही घ्या, किरण 'स' कडेच जाणार. टॉर्चपासून डिश अँटेनापर्यंत सगळं या एका घडीत आहे. आम्ही दोघी जमिनीवर बसलो होतो आणि मी अँटेनाच्या जर्नलमध्ये 'फीड इज प्लेस्ड अॅट द फोकस' हे वाक्य तीन वेळा उतरवलेलं होतं.

घडी एकदा हातात आली की पाठ केलेला तक्ता आपोआप गळून पडायला लागतो. उदाहरण घ्या लॅटस रेक्टमचं. त्याची लांबी फोर ए. ही मी दोन वर्षं घोकली. आता बघा. फोकसपासून कडेचं अंतर टू ए. फोकसच्याच उंचीवर पॅराबोलाचा जो बिंदू आहे, त्याचं कडेपासूनचं अंतरही टू ए. म्हणून फोकसपासूनचं अंतरही टू ए. दोन्ही बाजूंचे मिळून फोर ए. संपलं! आमच्या संपादकांनी मराठी विभागात मराठी शब्द घाला असं सांगितलं म्हणून मी शोधाशोध केली, तेव्हा कळलं की पॅराबोलाला अन्वस्त म्हणतात, फोकसला नाभी आणि लॅटस रेक्टमला नाभिलंब. नाभीतून अक्षावर टाकलेला लंब. शब्दातच व्याख्या बसली आहे. लॅटिन नावाने मला दोन वर्षांत एवढं सांगितलं नव्हतं.

आणखी एक करून बघा. ज्या दोन घड्या एकमेकींना काटकोनात छेदतात, त्या कुठे भेटतात ते बघा. कागदाच्या खालच्या कडेवरच भेटतात, नेहमी. पुस्तकात याला 'परस्परांना लंब असलेल्या टँजंट्सचा लोकस डायरेक्ट्रिक्स असतो' म्हणतात आणि मी ते एमसीक्यूसाठी पाठ केलेलं होतं. हे कागदावर डोळ्यांनी दिसतं, यावर माझा पहिले दोन मिनिटं विश्वास बसला नाही.

आता मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट. पॅराबोला एकच आहे. एकाच आकाराचा. लंबगोल बारीक असतात, जाडे असतात, पण पॅराबोला ठरवायला एकच अंतर लागतं, फोकस ते डायरेक्ट्रिक्स. ते वाढवलं की नुसता झूम होतो. अरुंद आणि पसरट पॅराबोला म्हणून आपण जे बघतो, ते एकाच वक्राचे जवळून आणि लांबून काढलेले फोटो आहेत. टॉर्चचा आरसा आणि खोडदची डिश यांचा वक्र मुळात एकच.

खोडदला मी फर्स्ट इयरला गेले होते. नारायणगावजवळ, पुण्याहून साधारण ८० किलोमीटर. तिथे जीएमआरटी म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. ३० डिश, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ डिश मध्यभागी आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर दूरवर पसरलेल्या. त्या भेटीत मी काय केलं? फोटो काढले आणि बटाटेवडा खाल्ला. आता वाटतं, पुन्हा जाऊन नीट बघावं. कारण त्या डिशचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, स्टीलच्या बारीक तारांच्या जाळीचा आहे, दोरांवर ताणून बसवलेल्या. वारा आरपार जातो आणि डिश हलकी राहते. आणि ती जाळी ताणल्यामुळे पॅराबोला होतो तो छोट्या-छोट्या सपाट तुकड्यांचा. सरळ तारांतून वक्र! माझ्या ज्युनिअरचा प्रश्न तिथे ४५ मीटरच्या मापात उभा आहे. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं उत्तर काढून त्यावर एक दुर्बीण उभी केली.

रेडिओ दुर्बिणीला नुसते किरण एका जागी येऊन भागत नाही, ते एकाच वेळी यावे लागतात. नाहीतर लाटा एकमेकींना मारतात. तेही घडीतच आहे. 'प-स' बरोबर 'प-म', म्हणजे फोकसला जाणारा किरण जितकं अंतर चालतो, तितकंच तो डिश नसती तर सरळ डायरेक्ट्रिक्सपर्यंत चालला असता. सगळ्यांची चाल सारखी, म्हणून सगळे एकदम पोचतात.

हे दूरचं झालं. आता आपल्या गच्चीवर या. कॉमन रूमच्या टीव्हीची छत्री नीट बघितली आहे का? तिचा एलएनबी मधोमध नसतो, खालून आलेल्या दांडीवर असतो. कारण ती छत्री म्हणजे एका मोठ्या पॅराबोलाच्या वाटीचा बाजूने कापलेला तुकडा आहे. फोकस तिथेच, पण आता एलएनबी येणाऱ्या सिग्नलच्या वाटेत आडवा येत नाही. म्हणून अशी छत्री जिकडे तोंड करून बसलेली दिसते, त्यापेक्षा वरच्या बाजूला बघत असते. गेल्या पावसाळ्यात ऐन मॅचच्या दिवशी वाऱ्याने ती हलली, तेव्हा आम्ही सहा भावी इंजिनीअर गच्चीवर चढलो आणि सॅटेलाइट वर असतो या तर्काने छत्रीचं तोंड आभाळाकडे करून ठेवलं. सिग्नल होता तोही गेला. शेवटी डिशवाला आला, आमच्याकडे बघून हसला, छत्री खाली वाकवली आणि चित्र आलं. त्याला वाय स्क्वेअर फोर ए एक्स येत नसेल. आम्हाला तेवढंच येत होतं. अशाच बाजूने कापलेल्या ७३ सोलर डिश २००९ मध्ये शिर्डीला साईबाबा संस्थानच्या प्रसादालयासाठी बसवल्या गेल्या, स्वयंपाकाला लागणारी वाफ उन्हावर करायला. आपल्या मेसच्या आमटीची वाफ कशावर होते हा वेगळा विषय आहे.

गच्चीवरून उतरायच्या आधी कपड्यांची दोरी बघा. रिकामी आणि सैल असली की तिला छान झोक पडतो. पॅराबोला ना? दिसायला हो. प्रत्यक्षात नाही. गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात फेकलेल्या वस्तूचा मार्ग पॅराबोला असतो हे सिद्ध केलं, आणि लोंबती साखळीही जवळपास पॅराबोलासारखीच असते असं म्हटलं. पण साखळीचा वक्र वेगळाच निघाला, कॅटेनरी. १६९१ मध्ये हायगेन्स, लायब्निट्झ आणि योहान बर्नुली यांनी तो शोधून काढला. झुलत्या पुलाच्या केबलवर रस्त्याचं वजन आडव्या अंतरात सारखं वाटलं गेलं, तर मात्र तीच केबल पॅराबोला होते. माझा मुद्दा इथेच आहे. जीटी मारणाऱ्याला दोरी आणि केबल यांतला फरक कधीच कळणार नाही. काचेखालून दोन्ही सारख्याच दिसतात. फरक रेघेत नसतो, तिच्या गुणधर्मात असतो.

याचा अर्थ को-ऑर्डिनेट जॉमेट्री वाईट, असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर मॅथ्सच्या मॅडम मला शोधत हॉस्टेलवर येतील. उलट आकडा हवा असेल तर समीकरणाला पर्याय नाही. खोडदच्या डिशचा फोकस तळापासून साधारण साडेअठरा मीटरवर आहे. एक्स स्क्वेअर इज इक्वल टू फोर ए वाय मध्ये एक्सला २२.५ घाला, ए ला १८.५ घाला. डिशची खोली ६.८ मीटर येते, जवळजवळ दोन मजले. हे घडीने मिळालं नसतं. देकार्तने १६३७ मध्ये भूमिती बीजगणिताच्या हाती दिली, ते फार मोठं काम होतं. पण त्याच्या अठराशे वर्षं आधी डायोक्लीझ नावाच्या ग्रीक गणितज्ञाने जाळणाऱ्या आरशांवर पुस्तक लिहिलं आणि पॅराबोलाचे किरण नाभीत का जमतात, हे एकही समीकरण न मांडता सिद्ध केलं. आधी प्रश्न होता, मग आकृती, आणि समीकरण फार नंतर. आपल्याकडे समीकरण आधी, आकृती जीटी आणि प्रश्न कधीच नाही.

माझी रूममेट हे वाचून म्हणाली, "पेपरमध्ये येतं का?" तिचं बरोबर आहे. येत नाही. म्हणूनच दोष फक्त शिकवणाऱ्यांना देणं मला अप्रामाणिकपणा वाटतो. एखाद्या सरांनी घडी घालायला सांगितली असती, तर "सर, इम्पॉर्टंट क्वेश्चन्स सांगा ना" म्हणणाऱ्यांत पहिला आवाज माझाच असता. आम्हाला शॉर्टकट हवे असतात, तुम्हाला सिलॅबस संपवायचा असतो. काचेच्या दोन्ही बाजूंना आपणच आहोत.

तरी तीन गोष्टी सुचवते. ड्रॉइंग हॉलमध्ये कर्व्हजच्या शीटआधी दहा मिनिटं कागद दुमडून घ्या, खर्च शून्य. मॅथ्स, ड्रॉइंग आणि फिजिक्सच्या सर-मॅडमनी एकदा तरी वर्गात म्हणावं, की हा तोच पॅराबोला आहे, जो तुम्ही पलीकडच्या विषयात काढलात. आणि सबमिशनला रेघेची जाडी तपासण्याऐवजी एकच प्रश्न विचारा, "फोकस हलवला तर काय होईल?" जिने काढली आहे ती सांगेल. जिने ट्रेस केली आहे ती लॅम्पकडे बघेल.

ज्युनिअरचं पुढे काय झालं ते सांगते. तिने माझी शीट नेली नाही. दोन रात्री जागून स्वतः काढली. खोडरबराने कागद थोडा काळा झाला, एक टँजंट किंचित सरकली. तिला दहापैकी सहा मिळाले. माझ्या ट्रेस केलेल्या शीटला आठ होते. मी तिची समजूत काढायला गेले, तर ती म्हणाली, "असू दे ताई, मला कळलंय." आणि दुसऱ्या दिवशी ती वर्गात दुसऱ्या बाकावर बसली होती, असं तिच्या मैत्रिणीने सांगितलं. त्या दोन मार्कांचा हिशोब मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. आपण नक्की कशाला मार्क देतो?

तो दुमडलेला कागद माझ्या टेबलावर काचेखाली ठेवला आहे. ज्यांना बघायचा असेल त्यांनी जरूर यावं, सोबत एखादी जुनी नोटीस आणावी. लॅम्प मात्र मिळणार नाही. त्याचा बल्ब गेला आहे, आणि मी तो मुद्दाम बदललेला नाही.